दोन्ही पाय टेकतात

तिला सगळे फूटपट्टी म्हणत. हे नाव शाळेत पडलं आणि तिच्या मागोमाग नोकरीतही आलं, कारण नोकरीही पट्ट्यांचीच होती. कालव्यावर नऊ दरवाजे. प्रत्येक दरवाजापाशी पाण्यात एक उभी मोजपट्टी रोवलेली. रोज सकाळी एक माणूस बांधावरून जाऊन पाणी कुठवर आलं ते वहीत लिहून आणायचा आणि कचेरीत बसलेलं दुसरं माणूस ते आकडे मोठ्या रजिस्टरात उतरवून घ्यायचं. ते दुसरं माणूस म्हणजे ही. सहा वर्षं उतरवत होती, तीही हंगामी म्हणून. उंची चार फूट आठ इंच. वरच्या फळीवरची रजिस्टरं काढायला तिने कपाटाशी एक लाकडी खोका ठेवला होता आणि त्यावर खडूने लिहिलं होतं, 'हलवू नये'.

फेरीवर जाणाऱ्याला बारका म्हणत. तो हिच्याहून दोनच इंच उंच. चहाच्या वेळी दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचं, हा कचेरीचा जुना खेळ. बारका कधी रागावला नाही. तो म्हणायचा, बुटक्या माणसाला पडायला फार अंतर नसतं.

आठ महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी सकाळी, सात नंबरच्या दरवाजापाशी तो मोटारसायकलसकट कालव्यात गेला. गाडी त्याच दुपारी निघाली. तो सापडला दुसऱ्या दिवशी, नऊ नंबरच्या जाळीला.

साहेबांनी अहवाल लिहिला, त्यात कारणाचं एकच वाक्य होतं: 'उंची कमी असल्याने पाय जमिनीस टेकला नाही व तोल गेला.' कुणाला ते खोटं वाटलं नाही. फूटपट्टीलाही नाही. त्या वाक्यातून पुढे नियम निघाला. फेरीवर जाणाऱ्याने आपली मोटारसायकल कचेरीच्या आवारात आणायची आणि साहेबांसमोर तिच्यावर बसून दाखवायचं. दोन्ही तळपाय टाचेसकट जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. टेकले, की रजिस्टरात 'दोन्ही पाय टेकतात' अशी नोंद आणि खाली सही.

त्यानंतर उंच माणसं आली. पाय सगळ्यांचे टेकले, पण एकजण आठवड्यात सोडून गेला, दुसरा महिन्यात. उंच माणसाला दुसरीकडेही नोकरी मिळते. शिवाय सात नंबरपाशी त्यांना बरं वाटत नसे. का, ते नीट सांगता येत नसे.

नऊ तारखेला साहेबांनी फूटपट्टीला आत बोलावलं. आकडे उतरवण्याचं काम महिनाअखेर बंद होणार होतं, ते आता वरच्या कचेरीत कुणीतरी मशीनवर करणार होतं. म्हणजे हिची जागा गेली. पण फेरीची जागा कायम होती, आणि ती घेतली तर ही कायम होणार होती. एक तारखेला गाडी घेऊन हजर राहायचं, आदल्या दिवशी परीक्षा. साहेब वाईट माणूस नव्हते. टेबलावरून वाकून त्यांनी एकदा तिच्या लोंबकळणाऱ्या पायांकडे पाहिलं. ती खुर्चीत बसली की पाय नेहमीच लोंबकळत. मग म्हणाले, "बघा बाई, जमतंय का. मी कुणासाठी नियम वाकवणार नाही. एकदा पाहिलंय मी ते."

घरी दादा आणि वहिनी. जेवताना तिने सांगितलं तेव्हा दादा म्हणाला की हिला गाडी नको, गाडीला शिडी हवी. दादा सहा फूट. घरातली सगळी उंची त्याने एकट्याने घेतली, असं आई म्हणायची. वहिनीने त्याला भाजी वाढता वाढता गप्प केलं आणि विचारलं, "वन्सं, स्कूटर नाही का चालणार?" नाही चालणार. बांधावर सुटी खडी होती, स्कूटरची लहान चाकं तिच्यात रुततात. तेही एकाने करून पाहिलं होतं. ती स्कूटर अजून कचेरीच्या मागे उभी होती, तोंड वाकडं करून.

मग शोध सुरू झाला. सायकल तिला चांगली येत होती. मोटारसायकलला हात लावलेला नव्हता. रोज पाच वाजता सुटली की ती एकेका दुकानात जाई. पहिल्या दुकानात विकणाऱ्याने नम्रपणे एक स्टूल आणून ठेवलं. दुसऱ्या ठिकाणी अंगठे टेकले, पण गाडी इतकी जड की कलंडायला लागल्यावर तिघांनी मिळून दोघींना धरलं. तिसऱ्या गाडीची उंची कागदावर कमी होती, पण सीट एवढी रुंद की सगळी उंची मांड्यांतच संपली आणि पाय वरच राहिले. चौथ्या दुकानात काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, बाबांसाठी बघताय का. फूटपट्टीने हो म्हटलं आणि बाहेर पडली.

पंधरा तारखेला ती मेस्त्रीकडे गेली. कचेरीतल्या सगळ्यांच्या गाड्या याच मेस्त्रीकडे येत. गावाबाहेर पत्र्याची शेड, पुढे तेलाने काळी झालेली जमीन, मागे एक रिकामं मैदान. मेस्त्री हात पुसत बाहेर आला, तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहायला त्याला फार वेळ लागला नाही. मग म्हणाला, "एक आहे, ताई. तुमच्याच मापाची."

शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ती उभी होती. लालभडक, रंग इतका ताजा की वास येत होता. सीट बशीसारखी आत दबलेली. एक गोष्ट फूटपट्टीच्या डोळ्यांत भरली: साइड स्टँडवर असूनही गाडी कलली नव्हती. चारचौघींसारखी डावीकडे रेलायची सोडून ताठ उभी होती, कुणीतरी नाव पुकारल्यासारखी.

ती बसली. दोन्ही पाय जमिनीवर आले. टाचेसकट. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. शाळेचा बाक, बसची सीट, साहेबांची खुर्ची, दाताच्या डॉक्टरकडची खुर्ची... एकतीस वर्षांत बसल्या जागेवरून तिचे पाय जमिनीला कधी लागलेच नव्हते.

"कुणाची होती?" तिने विचारलं.

मेस्त्री ताडपत्रीची घडी घालत होता. "ज्याची होती त्याला आता लागत नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, त्याने चारचाकी घेतली असेल.

मेस्त्रीनेच मैदानात शिकवलं. क्लच हळू सोडायचा, नजर चाकापुढे नाही, जिथे जायचं तिथे. चौथ्या दिवशी ती एकटी गोल फेऱ्या मारू लागली. उजवीकडून गोल ठीक जाई. डावीकडून गोल घेताना पायाखालून आवाज आला, खर्र, दाताखाली खडा यावा तसा. तिने थांबून पाहिलं. काही दिसलं नाही. मेस्त्री म्हणाला, बुटकी गाडी आहे, थोडी कुरकुर करणारच. रात्री वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडेही एक बुटकी आहे. सहा वर्षांत तिची कुरकुर ऐकली नाही कुणी." दोघी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी डावं वळण घेताना फूटपट्टीचं अंग आधीच आक्रसलं, आणि आवाज आदल्या दिवसापेक्षा लांबला.

बावीस तारखेला ती पडली. आवाजाला दचकून ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. लागलं काही नाही. गाडी उचलताना पाहिलं तर उजव्या मुठीच्या टोकाचं रबरी बूच निघून पडलं होतं आणि हँडलच्या पोकळ नळीतून काहीतरी जमिनीवर ओघळत होतं. बारीक, करडं, पिठासारखं. ओंजळभर तरी असेल.

तिने चिमटीत घेऊन चोळलं. मग वास घेतला.

सहा वर्षं रोज सकाळी तिच्या टेबलावर फेरीची वही यायची, आणि तिच्या पानांच्या बेचक्यात हीच करडी धूळ असायची. आकडे उतरवण्याआधी ती पान उभं धरून फुंकर मारायची. हा रस्त्यावरचा धुरळा नव्हता. हा कालव्याचा वाळलेला गाळ होता. तो नळीच्या आत जायचा तर नळीला पाण्याखाली राहायला हवं.

शेडपर्यंत गाडी तिने चालवत नेली नाही, ढकलत नेली. मुठीतला गाळ मेस्त्रीच्या हत्यारांच्या फळीवर ठेवला. त्याने पाहिलं आणि खाली बसला.

त्याने सगळं सांगितलं. गाडी बारक्याचीच. घरच्यांनी भंगारात दिली, भंगारवाल्याकडून याने घेतली, उघडली, धुतली, रंगवली. लपवायचं म्हणून नाही, म्हणाला. पण सांगितलं असतं तर कोण बसलं असतं. आणि ती खाली केली होती तीही त्यानेच, बारका गेला त्याच्या बारा दिवस आधी. साहेब बारक्याला सारखे म्हणायचे, तुझे पाय टेकत नाहीत, एक दिवस मरशील. म्हणून बारक्याने सीट कापून घेतली, मागच्या चाकाला आखूड शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, बसवून घेतले.

"म्हणजे त्याचे पाय टेकत होते?"

"तुमच्याइतकेच," मेस्त्री म्हणाला. "मी तर त्याला वाचवायलाच खाली केली होती, ताई."

म्हणजे अहवालातलं वाक्य खोटं होतं. पाय टेकत असताना तो गेला होता. आणि त्याच गाडीवर, तसेच पाय टेकवून, नऊ दिवसांनी फूटपट्टीला त्याच वळणावर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्या उघडल्या ती खोक्यावर चढली आणि बारक्याची शेवटची वही काढली. ओळीत आधी दरवाजाचा नंबर, मग वेळ, मग पाणी, आणि शेवटी एक अरुंद रकाना: शेरा. तो रकाना बहुतेक कोराच असायचा. शेवटच्या बारा दिवसांपैकी पहिला दिवसही कोरा होता. पुढच्या दिवशी सात नंबरसमोर बारक्याने लिहिलं होतं, 'आवाज'. त्याच्या पुढच्या दिवशी, 'आवाज'. मग 'वळताना आवाज'. मग 'डावीकडे'. अकराव्या दिवशी, 'आवाज वाढला. बघावे.' बारावा दिवस गुरुवार. त्या दिवशी सहा नंबरपर्यंतच आकडे होते. वही सहा नंबरच्या कट्ट्यावर राहून गेली होती, म्हणून ती कोरडी.

प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल पेन्सिलीची बरोबरची खूण होती. आकडा उतरवून झाला की करायची ती खूण. ती हिची होती. हिने या ओळी वाचल्या होत्या, आकडे उचलले होते आणि उरलेलं सोडून दिलं होतं. मोठ्या रजिस्टरात शेऱ्याचा रकानाच नव्हता. 'आवाज' या शब्दाच्या शेजारी, शेपटी ऐटीत वर नेलेली, तिचीच लाल खूण.

रविवारी ती सायकलने सात नंबरला गेली. तिथे दरवाजा उघडझाप करणारा म्हातारा पाटकरी एका खोलीत एकटाच राहायचा. बारक्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "चांगला होता गं. मला म्हणायचा, काका, तुमच्या दरवाजाशी काहीतरी कुरकुरतंय. मी चार वेळा ग्रीस घातलं. चार वेळा. तरी म्हणायचा येतोच." म्हाताऱ्याने ग्रीसचा डबाही दाखवला, रिकामा झालेला.

बांध इथे दरवाजाच्या खोलीला वळसा घालून एकदम डावीकडे वळतो. उजव्या हाताला पाणी, काठोकाठ, आवाज न करता जाणारं. वळणापुरतं काँक्रीट घातलेलं आहे आणि ते डावीकडे थोडं चढतं. फूटपट्टी वाकली. तिला फार वाकावं लागलं नाही. काँक्रीटवर ओरखडे होते. पहिला बोटाएवढा. शेजारी दुसरा, त्याहून लांब. मग वीतभर. तिने सवयीने मोजले. दहा ओरखडे एकाशेजारी एक, शिडीसारखे वाढत गेलेले. अकरावा सरळ नव्हता. तो खोल सुरू होऊन उजवीकडे फिरला होता आणि थेट काठापर्यंत गेला होता. पुढे काँक्रीट नव्हतं.

"हे कशाचे, काका?"

"ते होय. कसले तरी," पाटकरी म्हणाला. "मी दरवाजाकडे बघत होतो."

सोमवारी मेस्त्री आणि ती, दोघांनी मिळून गाडी मैदानात डावीकडे कलवली. थोडीच कलवली होती आणि मोठ्या स्टँडचं पायाने दाबायचं टोक जमिनीला लागलं. त्याचा काळा रंग उडून लोखंड चमकत होतं. आणखी कलवल्यावर मागचं चाक जमिनीवरून अलगद उचललं गेलं. मेस्त्रीने बोटाने ढकललं तर ते हवेत फिरलं, फिरतच राहिलं. शॉकअप जुन्या बाजारातले, बारक्याच्या वजनाने दिवसागणिक बसत गेलेले. रोज थोडी खाली, रोज ओरखडा थोडा लांब.

"पाय टेकतात का, एवढंच सगळ्यांनी विचारलं," फूटपट्टी म्हणाली. "गाडीचं काय टेकतं ते कुणी विचारलं नाही."

मेस्त्रीने आतून एक पोतं आणलं. गाडीचे मूळचे लांब शॉकअप त्यात जपून ठेवलेले होते. ते चढवले, तेव्हा गाडी तीन बोटं उंच झाली आणि साइड स्टँडवर चारचौघींसारखी डावीकडे रेलली. डावीकडचं वळण कितीही कलून घेतलं तरी आवाज नाही. फक्त आता फूटपट्टीचा एकच पाय पोचत होता. थांबताना कंबर डावीकडे सरकवायची, डाव्या पायाचा चवडा टेकवायचा आणि उजवा पाय वरच ठेवायचा. मेस्त्री म्हणाला, माणसाला एका वेळी एकच पाय लागतो. तीन दिवस ती तेवढंच करत राहिली: थांब, सरक, टेक.

मंगळवारी, चवडा अजून नीट बसतही नव्हता तेव्हा, वही घेऊन ती साहेबांकडे गेली. उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी शेऱ्याचा रकाना वाचला, दोनदा. लाल खुणाही पाहिल्या. मग वही मिटून तिच्याकडे सरकवली.

"अहवाल वर गेलाय, बाई," ते म्हणाले. "वर गेलेलं खाली येत नाही. परीक्षा तीस तारखेला. दोन्ही पाय टेकले पाहिजेत." ती दारापर्यंत पोचली तेव्हा ते पुन्हा बोलले, कागदांकडे बघत. "ही वही तुम्ही कुठे दाखवू नका. तुमच्या खुणा आहेत तिच्यात."

धमकी होती की काळजी, हे तिला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा वाटलं, दोन्ही असेल.

उंच गाडी परीक्षेत नापास. बुटकी गाडी पास. दादाचं म्हणणं पडलं, नोकरी सोड. वहिनी भांडी विसळून झाल्यावर म्हणाली, "शॉकअप बदलायला किती वेळ लागतो, वन्सं?"

अर्धा तास लागायचा.

तीस तारखेला सकाळी साडेअकराला फूटपट्टी आखूड शॉकअपवरची गाडी घेऊन आवारात आली. सगळी कचेरी व्हरांड्यात. साहेब खाली उतरले, उकिडवे बसले, तिच्या डाव्या टाचेखाली कागद सारून पाहिला, मग उजव्या. कागद गेला नाही. व्हरांड्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रजिस्टरात नोंद झाली, तारीख, वेळ, सही. सही करताना साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. साडेबाराला मेस्त्रीच्या शेडमध्ये लांब शॉकअप पुन्हा चढले, आणि आखूड तिने पोत्यात घालून घरी नेले. ते शेडमध्ये ठेवायचं तिला धाडस झालं नाही. बुटकी माणसं गावात आणखीही होती.

एक तारखेला ती बांधावर निघाली. एक नंबर, दोन नंबर. प्रत्येक ठिकाणी थांब, सरक, टेक. खडी सुटी होती, पण चवडा धरत होता. सहा नंबरच्या कट्ट्यावर वही ठेवून तिने आकडा लिहिला आणि वही आठवणीने उचलून पिशवीत घातली. आठ वाजून पाच मिनिटांनी सात नंबरचं वळण आलं. नजर पाण्यावर नाही, जिथे जायचं तिथे. गाडी डावीकडे कलली. तिने कान पायाशी लावले होते.

काही आवाज झाला नाही.

ती पट्टीपाशी थांबली. डावा चवडा काँक्रीटवर, नेमका ओरखड्यांमध्ये. उजवा पाय हवेत, त्याच्याखाली बांधाची कड आणि कडेखाली पाणी. एक मीटर चौऱ्याऐंशी. तिने आकडा लिहिला. मग शेऱ्याच्या रकान्यात, अक्षर लहान करून, लिहिलं: 'गाडी उंच केली आहे. एकच पाय टेकतो. आवाज नाही.' वरच्या कचेरीत मशीनवर बसलेलं कुणीतरी आता यातला फक्त आकडा उचलेल. उद्या ती नऊ नंबरच्या जाळीला सापडली, तर तिच्याबद्दल सही शिक्क्यासह एवढंच निघेल की दोन्ही पाय टेकत होते.

पाटकरी खोलीतून बाहेर आला. त्याच्या हातात ग्रीसचा नवा डबा होता.

"आला का गं आवाज?"

"नाही, काका."

म्हाताऱ्याने दरवाजाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "पहिल्या दिवशी त्यालाही नव्हता आला," तो म्हणाला आणि ग्रीस लावायला निघून गेला.

फूटपट्टीने वही पुन्हा उघडली. शेऱ्यातल्या 'आवाज नाही' पुढे तिने लिहिलं, 'आज', आणि आठ नंबरकडे गाडी वळवली.